ओतीव पायदांडा

शहापूर
१६ जानेवारी १९७९

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. पत्र बाजूला ठेवू नको. मागणं काही नाही, कामाचं विचारायचं आहे.

आई होती तोवर तुझी खबर तिच्याकडून कळत होती, की तू कानपूरला वायुसेनेत विमानांचे सांगाडे दुरुस्त करतोस. ती गेली तेव्हा तू आलास, माझ्या हातून पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाहीस आणि तेरावा होताच गाडीत बसलास. ते राहू दे.

आमच्याकडे विमान आलं आहे. हसू नको. आंधळगावला पुंडलिकराव म्हणून राईस मिलवाले आहेत. तरुणपणी ते नागपूरला विमान चालवायला शिकले होते, म्हणून लोक त्यांना कॅप्टन म्हणतात. त्यांनी कुठल्याशा लिलावात एक जुनं शिकाऊ विमान घेतलं. लाकडाचं आणि कापडाचं, पंखावर पंख, बसायला मागे-पुढे दोन उघड्या जागा. टायगर मॉथ म्हणतात त्याला. ट्रकवर तुकडे घालून आणलं आणि मिलच्या गोदामात जोडायला घेतलं. पंख बरे आहेत, इंजिनाला नागपूरचा मिस्त्री लागला आहे. पण माणूस बसतो त्या जागी काहीच उरलं नाही. घड्याळांची पाटी नाही, हातातला दांडा नाही, पायाखालचा दांडा नाही. बैठक उंदरांनी खाल्ली.

ते सगळं हुबेहूब जुन्यासारखं बनवायचं काम आमच्या घरी आलं. यांचं नाव मी घेत नाही, पण तूही ते कधी घेतलं नाहीस, म्हणून एकदा लिहिते. सेवकराम. हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधतात, हे तुला माहीतच आहे.

पाटीसाठी आधी सागवानाची फळी घेतली होती. भोकं पाडताना तडकली, आणि जडही झाली. मग चहाच्या पेट्यांचं पातळ प्लायवूड आणलं, थरावर थर चिकटवून जाडी साधली, वरून काजळी आणि चपडा लाखेचा काळा हात दिला. घड्याळांची पितळी कडी भंडाऱ्याच्या कासारानं दिली. काचा जुन्या टेबलघड्याळांच्या. तबकड्यांवरचे आकडे मी रंगवले. काटे आहेत, फिरत नाहीत. डोक्यासमोरची चामड्याची गादी आम्ही नारळाच्या काथ्यानं भरली, खरी घोड्याच्या केसांची असते म्हणे.

आता दोन गोष्टी अडल्या आहेत. फोटोत हातदांड्याची मूठ काळी दिसते, ती कशाची? हे टायरचं रबर कोरून पाहत आहेत. आणि पायाखालचा तो आडवा दांडा, ज्यावर दोन्ही पाय ठेवून शेपटी वळवतात, तो कोणत्या धातूचा? फोटोत त्याचं नुसतं टोक दिसतं.

विमान कॅप्टनच्या बंगल्यासमोर शोभेला ठेवायचं आहे. दिसायला खरं असलं की झालं, असं हेच म्हणतात. पण चुकीचं बनलं तर यांना अन्न गोड लागत नाही. माझ्या नावानं लिहावंसं वाटलं नाही तर दुकानाच्या नावानं लिही.

चंद्रकला


शहापूर
५ मार्च १९७९

दादा,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी दोनदा विचारलं, तो हसला. आता कदाचित तिसऱ्यांदा विचारीन.

पायदांडा झाला. आमच्या अंगणात ट्रकच्या जुन्या पिस्टनांचा ढीग पडला आहे. हे म्हणाले, विमानात हलका धातू लागतो, पिस्टनही हलकाच असतो आणि इंजिनाचा मार खातो, मग यापेक्षा चांगलं काय मिळणार? भंडाऱ्याच्या भट्टीत पिस्टन वितळवले, वाळूच्या साच्यात ओतले, कानशीनं घासले. दोन्ही बैठकींसाठी एकेक, दोन्ही एकाच तारेनं जोडलेले, म्हणजे कोणीही पाय दाबला की शेपटी वळते. चांदीच्या तोड्यासारखे दिसतात. मीसुद्धा हात फिरवून पाहिला.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही.

परवा डबा घेऊन आंधळगावला गेली होती. गोदामाच्या दाराशी पोचली तर आतून कॅप्टनचा आवाज आला. "मे महिन्यात तलाव कोरडा ठणठणीत होते. मधात पाट्यावानी सपाट जागा. गुरं हाकलून दिली का झालं."

मी आत गेली. विचारलं, "तलावात काय करून राहिले तुमी?"

कॅप्टन माझ्याकडे पाहून हसले. "वहिनी, विमान कायले असते?"

"तुमी तं म्हणत होते, बंगल्यासमोर ठेवाचं आहे."

"तवा इंजिन चालू झालं नव्हतं."

इंजिन सुरू झालं होतं, दादा. मला घरी कोणी सांगितलं नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं, तर हे बैठकीचा पट्टा शिवत होते. मान वर केली नाही.

मी म्हटलं, "त्या घड्याळांतले काटे मी चिकटवले आहेत. ते फिरत नाही."

"एक खरं आणलं आहे मी," कॅप्टन म्हणाले. "बाकी हवा माह्या कानाले कळते."

परवानगी लागत असेल ना रे? कॅप्टनचं लायसन केव्हाच संपलं आहे. ते म्हणतात, आपल्याच गावात, आपल्याच तलावावर एक चक्कर, त्याला कोण विचारतं.

तू फक्त एवढंच लिही की शोभेसाठी बनवलेल्या वस्तू घेऊन हवेत जाता येत नाही. मी विचारलं म्हणून लिहू नको. तुझं तू लिहिलंस असं दिसू दे.

चंद्रकला


शहापूर
९ एप्रिल १९७९

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. लिहिली तर तू म्हणशील, बरं झालं, असं वाटलं होतं. आता लिहिते. पुढच्या बैठकीवर हे बसणार आहेत.

या विमानात चालवणारा मागे बसतो. समोरची जागा रिकामी राहते. कॅप्टननं यांना म्हटलं, "ज्यानं बनवलं तो पयले बसन." त्या दिवसापासून या माणसाचे पाय जमिनीवर नाहीत.

मी भांडली, रडली. एका रात्री जेवण वाढलं नाही. तेव्हा हे ताटासमोर बसून म्हणाले, "तुह्या दादाले कळू दे."

"काय कळू दे?"

"पत्रे ठोकणारा विमानात बसला म्हणून. थो जिंदगीभर विमानाले हात लावून राहिला, पण खालूनच."

हे तुझेच शब्द आहेत. लग्नाच्या मांडवात, सगळ्यांसमोर तू म्हणाला होतास, "पत्रे ठोकणाऱ्याच्या घरी मी पाणी पिणार नाही." मला वाटलं होतं हे विसरले. नऊ वर्षांत एकदाही तो विषय काढला नाही.

म्हणून म्हणते, यांना दुसरं कोणी थांबवू शकत नाही. मी जवाहरनगरच्या आमच्या ओळखीच्या एका माणसाला पायदांडा दाखवला. तो तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला आहे. उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ओतकाम सुंदर आहे बाई, पण विमानाचं मले काय समजते?" कॅप्टनच्या घरी त्यांच्या बायकोकडे, गोदावरीबाईंकडे गेली. त्या धान पाखडत होत्या. म्हणाल्या, "मी सांगून थकली. आता ते म्हणतात, निघताना विमानाले कुंकू लाव. मी लावीन. दुसरं काय माह्या हाती आहे?"

मग मला वाटलं, दांडा यांच्या डोळ्यांसमोर मोडला तर विश्वास बसेल. आमच्या दुकानाच्या शेडला आडवी लोखंडी तुळई आहे. मी यांच्यासमोर म्हटलं, टांगून पाहा. दोन्ही टोकांना दोर बांधून दांडा टांगला, मधोमध धानाचं भरलं पोतं लटकवलं. मी मनात देवाला म्हणत होती, मोडू दे. दुसरं पोतं लटकवलं. तरी मोडला नाही, दादा. साधा वाकलाही नाही.

हे हसले. "पाहिलं? आता बोल."

मीच परीक्षा घेतली आणि मीच यांची खात्री करून दिली.

पण माझ्या मनाला पटत नाही. पोतं तर निवांत लटकत होतं. विमान धावताना, हिसका बसताना, माणूस घाबरून पाय मारताना तेच होईल का? मला शब्द सापडत नाहीत. तुला सापडतील. लिही. मला शिव्या दे, यांना दे, पण लिही.

चंद्रकला


शहापूर
३० एप्रिल १९७९

दादा,

तार केली होती. मिळाली असेलच.

तलाव आटला. कॅप्टननं गाळ सपाट करून घेतला आहे. पुढच्या रविवारी ठरलं. पाऊस आला तर वर्षभर जमणार नाही, म्हणून घाई.

मी एक काम करून बसली आहे. समोरच्या बैठकीचा दांडा नटबोल्ट बसवायला घरी आणला होता. हे भंडाऱ्याला गेले तेव्हा मी तो उचलला आणि विहिरीत टाकला. बुडबुडे आले तोवर उभी राहिली. वाटलं, सुटलो.

संध्याकाळी यांनी शोधाशोध केली, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "विहिरीत?"

मी मान हलवली.

"दुसरा ओततो."

दोनच दिवसांत दुसरा ओतून आणला. पिस्टन पुरले नाहीत, म्हणून घरातली जुनी ॲल्युमिनियमची पातेली त्यात घातली. साचा नीट वाळला नव्हता, असं भट्टीवरचा माणूस मला म्हणाला. पहिल्या दांड्यावर बोटानं वाजवलं की नाद यायचा. या दांड्याचा येत नाही.

पहिल्यानं दोन पोती पेलली होती, दादा. तो मी बुडवला.

आता तूच ये. पत्र पोचायला वेळ लागेल, तू स्वतः ये. घरात पाणी पिऊ नको, बाहेरच उभा राहा, पण ये.

चंद्रकला


नागपूर, दवाखाना
१२ मे १९७९

दादा,

हे जिवंत आहेत. आधी ते लिहिते.

रविवारी सकाळी तलावाच्या मातीच्या पाळीवर सारा आंधळगाव बसला होता. गोदावरीबाईंनी कुंकू लावलं. हे चढताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज नुसतं पळवून पाहणार आहे. उडवाचं उद्या." मला धीर यावा म्हणून म्हणाले की खरंच तसं ठरलं होतं, कोणास ठाऊक. कॅप्टनला अजून विचारलेलं नाही.

इंजिनाचा आवाज झाला, धूळ उठली. विमान तलावाच्या पोटातून पळत सुटलं. लोक टाळ्या वाजवत होते. शेपटी वर उचलली, आणि त्याच वेळी ते एका बाजूला ओढ घ्यायला लागलं. गाळ सुकून जिथे मोठ्या भेगा पडल्या होत्या, तिथे चाक अडलं असेल. एकट्याच्या पायाला आवरेना म्हणून असेल, कॅप्टन ओरडले, "उजवा पाय! उजवा पाय दाब!" एवढं मला ऐकू आलं. मग काही मोडल्याचं ऐकू आलं नाही. इंजिनाच्या आवाजात कसं येणार? विमान वळलंच नाही. थेट पाळीवर जाऊन नाकावर आपटलं.

मी कशी पोचली ते आठवत नाही. कॅप्टनच्या कपाळातून रक्त वाहत होतं, पण ते स्वतः खाली उतरले. हे उतरत नव्हते. पायाखालचा दांडा मधून तुटला होता, उजवा पाय आरपार पुढे गेला होता आणि समोरची लाकडं त्यावर चेपून बसली होती. गावातले लोक कुऱ्हाडी घेऊन आले. तेव्हा शुद्धीत होते हे. म्हणाले, "जपून तोडा. जोडावरून तोडा, लाकूड वाया जाते."

भंडाऱ्याला पाय बांधून दिला, तिथून नागपूर. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली. डॉक्टरनं कागद समोर ठेवला, म्हणाले, घोट्याच्या वरून पाय काढला नाही तर माणूस जाईल. यांना शुद्ध नव्हती. सासरचं कोणी आलं नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, "लिहिता येते का? नाही तं अंगठा द्या."

मला लिहिता येतं. तू शिकवलंस. पाटीवर माझा हात धरून 'च'चं पोट गोल काढायला तूच लावायचास, आईला चुलीपासून हाक मारून दाखवायचास. त्याच अक्षरानं मी नवऱ्याचा पाय कापायची सही केली.

तुटलेल्या दांड्याचे दोन तुकडे कॅप्टननं पाठवले आहेत, यांनी मागितले म्हणून. आतून मुरमुऱ्यासारखा आहे, भोकंभोकं. मी ते खाटेखाली ठेवले आहेत. यांना दाखवले नाहीत.

आता तुला काही मागत नाही.

चंद्रकला


नागपूर, दवाखाना
२ जून १९७९

दादा,

तुझं पत्र मिळालं. दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं, शेजारच्या बेबीबाई कालच्या बसनं घेऊन आल्या. पाकिटावर 'श्री. सेवकरामजी यांस' लिहिलेलं. बेबीबाईंनी दारातूनच ओरडून सांगितलं, "कानपूरचं आहे!"

तुला अपघात माहीत नव्हता, हे पहिल्या ओळीतच कळलं. उशीर काहून झाला, त्याचं एक अक्षर नाही. मीही विचारत नाही. मी यांना वाचून दाखवायला बसली.

'चहाच्या पेटीचं प्लायवूड दमट हवेत सुटतं, बर्चच्या लाकडाचं, पाण्याला न सुटणाऱ्या सरसानं चिकटवलेलं घ्यावं.' हे म्हणाले, "बरोबर. सुटत होतं कोपऱ्यात." 'मूठ इबोनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर.' हे म्हणाले, "पाहा. रबरच होतं." 'हातदांडा बिनजोडाच्या पोलादी नळीचा.' 'चामड्याखाली काथ्या चालेल, पण तो ओल धरतो.' तुझी तीन पानं यांनी डोळे मिटून ऐकली. मधेच म्हणाले, "तुमी म्हणतो का थो मले?"

"हो. सगळीकडे तुम्हीच लिहिलं आहे."

"वाच मंग."

शेवटचं पान आलं. मी नजर टाकली आणि थांबली. खालची ओळ घेतली.

हे म्हणाले, "काय सोडलं?"

"काही नाही."

"आवाज अटकला तुहा. वाच."

मग वाचलं. 'पायाखाली येणारा कोणताही भाग ओतीव ठेवू नका. पिस्टनचा धातू स्थिर भार पेलतो, पण हिसक्यानं एकदम तुटतो. तो कितीही चांगला ओतलेला असो, कितीही पोती पेललेला असो, पहिल्या जोराच्या पायाला मोडेल. पहिला दांडाही मोडला असता आणि दुसराही मोडेल. विमानाला हात लावण्याआधी तो काढून टाका.'

यांनी पांघरुणाखाली जिथे पाय संपतो तिथे हात नेला, तसाच मागे घेतला. मला वाटलं आता ओरडतील, तुझ्या नावानं, माझ्या नावानं, कॅप्टनच्या. या दवाखान्यात मी तेवढीच वाट पाहत आहे.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"म्हणजे पयलाही तुटलाच असता," हे म्हणाले. "आयकलं का? पयलाही."

मी पत्राची घडी घातली.

"खाटेखाली काय ठेवलं आहे थे मले माहीत आहे. झाडूवालीनं सांगतलं. थे तुकडे पाहून पाहून तू रोज काय विचार करते, थेही माहीत आहे. आता विहिरीचं डोक्यातून काढ. तुह्या दादानं लिवून देल्लं आहे, अन् त्याले यातलं समजते." मग म्हणाले, "त्याले लिही, त्याच्या पत्राची वाट मीच पाहिली नाही. त्याचा दोष नाही."

हे यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. यांचं मन मोठं आहे, ते तुला आधीच कळायला हवं होतं. माझं अजून तेवढं झालेलं नाही.

पण काल दिवस बुडाल्यापासून ते एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत आहे. माझं विहिरीचं पत्र तुला मिळालं होतं, हे उघड आहे, नाही तर पहिला आणि दुसरा तू कशाला लिहिलं असतंस? मग ते वाक्य धातू समजणाऱ्या माणसानं लिहिलं आहे की भावानं? खरंच दोन्ही मोडले असते? की बहिणीच्या डोक्यावरचं ओझं काढायला तू तसं लिहून दिलंस? यांना मी विचारणार नाही. यांनी ते खरं मानलं आहे, आणि मानू दे.

तुला विचारते. कागदावर उत्तर पाठवू नको, कागदावर तू काहीही लिहू शकतोस. ये. माझ्यासमोर बस, माझ्याकडे पाहा आणि सांग.

तुझी
चंद्रकला